हेन्री डंकन

रेव्हरंड डॉ. हेन्री डंकन (जन्म : ८ ऑक्टोबर १७७४, लॉखरटन, मृत्यू : फेब्रुवारी १८४६) हे स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन पाळक, समाजसुधारक, लेखक व पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. डम्फ्रीसशायर परगण्यातील रुथवेल या खेड्याच्या मंडळीचे ते १७९९ पासून १८४३ पर्यंत पाळक होते. १८१० मध्ये याच खेड्यात त्यांनी गोरगरिबांसाठी बचत बँक स्थापन केली. ठेवीदारांच्या पैशावर व्यापारी तत्त्वाने चालणारी आणि कोणाच्या दानधर्मावर अवलंबून नसलेली ही पहिली बचत बँक मानली जाते. फोडून टाकलेल्या रुथवेल क्रूसाची पुन्हा उभारणी आणि जीवाश्म पाऊलखुणांचे पहिले शास्त्रीय वर्णन या दोन गोष्टींसाठीही त्यांचे नाव घेतले जाते. १८३९ मध्ये ते चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीचे (महासभेचे) मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष होते. त्यानंतर चारच वर्षांनी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तत्त्वाच्या प्रश्नावरून त्यांनी आपले चर्च, राहते घर आणि वर्षासन यांचा त्याग केला.

प्रारंभिक जीवन

डंकन यांचा जन्म कर्कूब्रीशायरमधील लॉखरटन येथे झाला. त्यांचे वडील जॉर्ज डंकन हे तेथील पॅरिशचे पाळक होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गावे व वाड्या. त्या काळी स्कॉटलंडमध्ये धर्मकार्याबरोबरच शाळा आणि गरिबांचे पोषण या गोष्टीही पॅरिशच्याच हाती असत. डंकन यांचे शिक्षण प्रथम डम्फ्रीस येथे व नंतर सेंट अँड्र्यूज विद्यापीठात झाले. पाळकाच्या घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची असल्याने त्यांना व्यापाराकडे वळविण्याचा विचार झाला. त्यानुसार १७९० च्या सुमारास त्यांना लिव्हरपूल येथे हेवुड यांच्या पेढीत नोकरीस ठेवण्यात आले. तेथे त्यांनी सुमारे तीन वर्षे काढली. कवी रॉबर्ट बर्न्सचे पहिले चरित्रकार डॉ. जेम्स करी हे डंकन यांचे नातलग होते व ते लिव्हरपूलमध्येच राहत.

पेढीवरील कामात डंकन यांचे मन रमले नाही. व्यापारी कारकीर्द सोडून ते १७९३ मध्ये स्कॉटलंडला परतले आणि एडिनबर्ग व ग्लासगो या विद्यापीठांत धर्मशास्त्राचे अध्ययन करू लागले. एडिनबर्गला ते ‘स्पेक्युलेटिव्ह सोसायटी’ या वादसभेचे सदस्य झाले. पुढे ब्रिटिश राजकारणात नावारूपास आलेले हेन्री ब्रूम आणि फ्रान्सिस हॉर्नर यांचा स्नेह त्यांना तेथेच लाभला. पेढीवरील तीन वर्षे वाया गेली असे त्या वेळी त्यांच्या आप्तांस वाटले असावे. परंतु व्याजाचे गणित, खतावणी आणि ठेवीचे नियम ठाऊक असलेला पाळक त्या काळी विरळाच होता, आणि पुढे डंकन यांना याच ज्ञानाचा सर्वाधिक उपयोग झाला.

रुथवेलची मंडळी

रुथवेल हे सॉल्वे फर्थ खाडीच्या उत्तर किनाऱ्यावरील लहानसे खेडे आहे. या नावाचा स्थानिक उच्चार ‘रिव्हल’ असा होतो. येथील चर्चचा इतिहास सुधारणापूर्व काळापासूनचा असून सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर ही मंडळी चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आली. सतराव्या शतकात बिशपांची सत्ता कधी आली, कधी गेली. चर्चची व्यवस्था अनेकदा बदलली. त्या सर्व उलथापालथीत गॅव्हिन यंग नावाच्या एकाच पाळकाने पन्नासहून अधिक वर्षे येथे सेवा केली.

प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप नसतो. मंडळीचा कारभार पाळक आणि मंडळीतील ‘वडील’ (एल्डर) यांची सभा पाहते. या सभेस ‘कर्क सेशन’ म्हणतात. उपासनेच्या वेळी जमा होणारी दानपेटीतील रक्कम गरिबांत वाटणे, भांडणे मिटविणे आणि सदस्यांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे ही कामे सेशनकडे असत. सेशनच्या वर प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड आणि सर्वांत वर जनरल असेंब्ली अशी रचना असते. मात्र या लोकाभिमुख रचनेत एक मोठी विसंगती होती. १७१२ च्या कायद्याने पाळक नेमण्याचा हक्क मंडळीला नव्हे, तर ‘पेट्रन’ला, म्हणजे बहुधा तेथील जमीनदाराला दिला होता. रुथवेलमध्ये हा हक्क मॅन्सफिल्डच्या अर्लकडे होता. स्वतः डंकनही याच हक्काखाली रुथवेलला आले, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यांच्या आधीचे पाळक जॉन क्रेग होते. १७९६ च्या जुलै महिन्यात आजारी रॉबर्ट बर्न्स याच पॅरिशमधील ब्राउ येथे समुद्रस्नानासाठी आणि तेथील झऱ्याचे पाणी पिण्यासाठी राहिला होता. मृत्यूपूर्वी काही दिवस तो क्रेग यांच्या घरी चहाला आला होता. मावळतीचे ऊन डोळ्यांवर येते म्हणून क्रेग यांची कन्या ॲग्नेस पडदा ओढू लागली, तेव्हा आता आपल्यासाठी सूर्य फार काळ तळपणार नाही, अशा आशयाचे बोलून त्याने तिला थांबविले, अशी आठवण सांगितली जाते. डंकन यांचा विवाह १८०४ मध्ये याच ॲग्नेस क्रेग यांच्याशी झाला.

१९ सप्टेंबर १७९९ रोजी डंकन यांना रुथवेल येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. लगोलग दुष्काळाची वर्षे आली. धान्याचे भाव मजुरांच्या आवाक्याबाहेर गेले. डंकन यांनी लिव्हरपूल येथे व्यापार करणाऱ्या आपल्या भावांमार्फत मका मागवून पॅरिशमध्ये रास्त दराने विकण्याची व्यवस्था केली. बायकांना सूतकताईचे आणि पुरुषांना जमीन सुधारण्याचे काम मिळवून देण्याकडेही त्यांनी लक्ष दिले. फुकट वाटपाने माणूस लाचार होतो, तेव्हा शक्य तेथे काम आणि रास्त भाव द्यावा, ही त्यांची भूमिका येथेच स्पष्ट झाली. नेपोलियनच्या स्वारीची भीती होती तेव्हा रुथवेलच्या स्वयंसेवक पथकाचे ते कॅप्टनही होते. पाळकाने लष्करी गणवेश चढवावा हे काहींस रुचले नाही.

गावात परस्पर साह्याचे एक जुने मंडळ (फ्रेंडली सोसायटी) होते, पण ते मरगळलेले होते. सदस्यांनी ठरावीक वर्गणी भरायची आणि आजारपणात वा म्हातारपणी त्यातून मदत घ्यायची, अशी त्याची पद्धत होती. डंकन यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. तथापि अशा मंडळांची मर्यादाही त्यांच्या ध्यानी आली. वर्गणी चुकली की आधी भरलेले सर्व बुडे, आणि मंडळाचा हिशेब चुकला तर सर्वांचेच बुडे.

रुथवेल पॅरिश बँक

या काळात इंग्लंडमध्ये गरिबांच्या पोषणासाठी घरपट्टीसारखा सक्तीचा कर घेतला जाई आणि तो वर्षागणिक वाढत होता. स्कॉटलंडच्या खेड्यांत अजून तसा कर सरसकट नव्हता. गरिबांचा भार दानपेटीवर आणि शेजारधर्मावर होता. गिरण्या व कारखाने वाढले तशी ही व्यवस्था कोलमडणार आणि सीमेपलीकडचा कर इकडेही येणार, अशी चिंता डंकन यांच्यासारख्या अनेकांना वाटत होती. अशातच लंडनच्या जॉन बोन यांची बचतीविषयीची एक योजना त्यांच्या वाचनात आली. ती योजना गुंतागुंतीची होती, पण तिच्यातील एक कल्पना डंकन यांनी उचलली. मजुराजवळ पैसा उरत नाही असे नाही, उरलेला पैसा ठेवायला जागा नसते, हे त्यांनी ताडले होते. स्कॉटलंडमधील नेहमीच्या बँका दहा पौंडांपेक्षा लहान ठेव स्वीकारीत नसत, आणि शेतमजुराला दहा पौंड एकत्र पाहायलाही मिळणे दुरापास्त होते.

मे १८१० मध्ये फ्रेंडली सोसायटीच्या खोलीत रुथवेल पॅरिश बँक सुरू झाली. सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग, एवढी लहान रक्कमही येथे ठेवता येई. जमा झालेला पैसा डम्फ्रीस येथील ब्रिटिश लिनन कंपनीच्या बँकेत पाच टक्के व्याजाने ठेवला जाई. ठेवीदाराच्या खात्यात एक पौंड जमला की त्यावर चार टक्के व्याज सुरू होई. मधल्या फरकातून बँकेचा किरकोळ खर्च भागे आणि जुन्या व नियमित ठेवीदारांना थोडे अधिक देता येई. कारभार पाहणारी समिती ठेवीदारांमधूनच निवडली जाई. पैशांच्या पेटीला तीन वेगवेगळी कुलुपे होती. किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे असत, त्यामुळे कोणा एकट्यास ती उघडता येत नसे. पाळकालाही नाही.

या बँकेचे काही नियम आजच्या वाचकास विचित्र वाटतील. खाते उघडणाऱ्याचे वय, कुटुंबाची स्थिती आणि वर्तन यांची चौकशी होई. वर्षभरात किमान चार शिलिंग न भरणाऱ्यास दंड पडे. कर्क सेशनची देखरेख करण्याची सवय येथे बँकेत उतरली होती, असे म्हणता येईल. परंतु एकमेकांना ओळखणाऱ्या लहान खेड्यात ही शिस्त चालून गेली. पहिल्या वर्षाअखेर ठेवी १५१ पौंड झाल्या. चौथ्या वर्षी हा आकडा ९२२ पौंडांवर गेला. मजूर, मोलकरणी आणि हातमागावरील विणकरांच्या खेड्यासाठी ही रक्कम थोडी नव्हती.

बचतीच्या संस्था यापूर्वीही निघाल्या होत्या. हँबुर्ग शहरात १७७८ मध्ये, तर इंग्लंडमध्ये वेंडोव्हर येथे १७९९ मध्ये आणि टॉटनहॅम येथे प्रिसिला वेकफील्ड यांच्या पुढाकाराने असे प्रयोग झाले होते. इंग्लंडमधील या प्रयोगांत धनिक आश्रयदाते पदरचे व्याज वा बक्षिसी देत. असे आश्रयदाते नसलेल्या खेड्यातही जी चालेल अशी व्यवस्था डंकन यांनी बसविली. म्हणूनच तिची नक्कल इतरत्र होऊ शकली. एडिनबर्ग येथे १८१४ मध्ये निघालेल्या बँकेने चौकशी आणि दंडाचे नियम गाळून सोपी पद्धत स्वीकारली, आणि शहरांत तीच अधिक पसरली. बचत बँकेचे जनकत्व कोणाकडे जाते याविषयी त्या वेळी वाद झाला व त्यात डंकन यांनाही उतरावे लागले. आपल्या योजनेचे विवेचन करणारा निबंध त्यांनी १८१५ मध्ये प्रसिद्ध केला.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. विल्यम कॉबेट या जहाल पत्रकाराला बचत बँक ही गरिबांना गप्प बसविण्याची युक्ती वाटली. मालकाला आपली शिल्लक कळली तर तो मजुरी कमी करील, अशी भीती काही मजुरांनाही होती. दुसरीकडे, इंग्लंडमधील बचत बँकांना १८१७ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, पण स्कॉटलंडसाठी तशी तरतूद नव्हती. त्यासाठी डंकन यांनी लंडनला जाऊन खासदारांच्या गाठीभेटी घेतल्या, आणि १८१९ मध्ये स्कॉटलंडच्या बचत बँकांचा कायदा संमत झाला. या सर्व खटाटोपात त्यांना कोणतेही मानधन मिळाले नाही. त्या काळी टपालाचा खर्च बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याने भरायचा असे. ठिकठिकाणाहून बँकेची माहिती विचारणारी पत्रे रुथवेलला येत आणि त्यांचा भुर्दंड पाळकाच्या वर्षासनावर पडे.

काही वर्षांतच ही कल्पना ब्रिटनभर आणि अटलांटिकपलीकडे पोहोचली. १८१६ मध्ये बॉस्टन व फिलाडेल्फिया येथे बचत बँका निघाल्या. ब्रिटिश टपाल खात्याने १८६१ मध्ये आपली बचत बँक सुरू केली. भारतातील टपाल बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली.

रुथवेल क्रूस

रुथवेलच्या चर्चमध्ये आठव्या शतकातील एक अँग्लो-सॅक्सन दगडी क्रूस होता. त्याची उंची सुमारे साडेपाच मीटर आहे. दोन बाजूंस ख्रिस्तचरित्रातील प्रसंग कोरलेले असून उरलेल्या दोन बाजूंवर वेलबुट्टी आणि तिच्या कडेने रून लिपीतील मजकूर आहे. १६४० मध्ये ॲबरडीन येथे भरलेल्या जनरल असेंब्लीने मूर्तिपूजेची स्मारके पाडून टाकण्याचा आदेश दिला. रुथवेलमध्ये त्याची अंमलबजावणी १६४२ मध्ये झाली. पाळक गॅव्हिन यंग यांनी ती होता होईतो लांबविली आणि अखेरीस क्रूस पाडला तरी त्याचे तुकडे चर्चमध्येच राहू दिले, असे मानले जाते. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या तुकड्यांवर बसून उपासना करीत. १७७२ मध्ये प्रवासवर्णनकार टॉमस पेनंट यांनी ते चर्चमध्येच पाहिले. पुढे ते बाहेर दफनभूमीत टाकण्यात आले.

डंकन आले तेव्हा हे दगड ऊनपावसात झिजत होते. १८०२ मध्ये त्यांनी ते आपल्या घराच्या बागेत हलविले. एक तुकडा नेहमीपेक्षा खोल थडगे खणताना हाती लागला. १८२३ मध्ये सर्व तुकडे जुळवून त्यांनी बागेत क्रूस उभा केला. आडवा दांडा मात्र सापडला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या कल्पनेने नवा घडवून बसविला. आजचे पुरातत्त्वज्ञ असे करणार नाहीत, आणि त्या आडव्या दांड्यावरील चिन्हांची मूळ शिल्पाशी संगती लागत नाही, ही टीका रास्त आहे. तरीही डंकन यांनी ते तुकडे उचलले नसते तर अभ्यासकांच्या हाती फारसे काही उरले नसते.

क्रूसाचे सचित्र वर्णन त्यांनी एडिनबर्गच्या पुरातत्त्व मंडळास सादर केले व ते १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले. रून लिपीतील मजकूर त्यांना वाचता आला नाही. त्यांच्या लेखासोबत आइसलँडचे विद्वान थॉर्लेफर रेप यांचे वाचन छापले गेले, पण ते साफ चुकलेले होते. १८४० मध्ये जॉन मिचेल केंबल यांनी हा मजकूर जुन्या इंग्रजीतील पद्य असल्याचे दाखविले. नंतर इटलीतील व्हर्चेली येथील हस्तलिखितात ‘ड्रीम ऑफ द रूड’ हे काव्य उजेडात आले आणि दगडावरील ओळी त्याच काव्याशी जुळतात असे आढळले. क्रूस स्वतः आपली कथा सांगतो अशी त्या काव्याची मांडणी आहे. जनरल असेंब्लीच्या आदेशाने फोडलेला हा दगड उभारणारा पाळक १८३९ मध्ये त्याच असेंब्लीच्या अध्यक्षपदी बसला. दरम्यानच्या दोन शतकांत प्रेसबिटेरियन मंडळींची दृष्टी किती बदलली होती, याची यावरून कल्पना येते.

जीवाश्म पाऊलखुणा

लॉखमेबनजवळील कॉर्नकॉकल म्यूर येथील खाणीत लाल वालुकाश्माच्या थरांवर प्राण्यांच्या पावलांसारखे ठसे आढळत. त्यांपैकी एक फरशी डंकन यांच्याकडे आली. त्यांनी खाणीस भेट देऊन ठशांची मापे घेतली आणि साचे ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांना पाठविले. बकलंड यांना प्रथम शंका होती. त्यांनी जिवंत कासवांना मऊ कणकेवरून चालवून त्यांचे ठसे ताडून पाहिले व हे ठसे खरोखरच प्राण्यांचे असल्याचे मान्य केले. डंकन यांचा निबंध १८२८ च्या जानेवारीत रॉयल सोसायटी ऑफ एडिनबर्गपुढे वाचला गेला. जीवाश्म पाऊलखुणांचे ते पहिले शास्त्रीय वर्णन समजले जाते. ते प्राणी कासवे नव्हती, असे आता मानतात. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, सस्तन प्राण्यांच्या पूर्वजकुळातील जीवांचे हे ठसे असावेत. त्यांच्या एका प्रकाराला पुढे डंकन यांचे नाव देण्यात आले.

लेखन व पत्रकारिता

१८०९ मध्ये डंकन यांनी ‘डम्फ्रीस अँड गॅलोवे कुरिअर’ हे वृत्तपत्र काढले आणि काही वर्षे त्याचे संपादनही केले. बचत बँकेचा प्रचार प्रथम याच पत्रातून झाला. कष्टकरी वाचकांसाठी त्यांनी सुबोध कथा लिहिल्या. ‘द कॉटेज फायरसाइड’ ही त्यांपैकी विशेष वाचली गेली. १८२६ ची ‘विल्यम डग्लस’ ही कादंबरी सतराव्या शतकातील कव्हेनंटर लोकांचा कैवार घेते. वेस्ट इंडीजमधील गुलामगिरीविरुद्ध त्यांनी १८३० मध्ये पत्रमाला लिहिली. ऋतुचक्राच्या आधारे निसर्गविज्ञान आणि ईश्वरनिष्ठा यांची सांगड घालणारा ‘सेक्रेड फिलॉसॉफी ऑफ द सीझन्स’ हा चार खंडांचा ग्रंथ (१८३६–३७) त्यांचे सर्वांत मोठे लेखन होय. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १८२३ मध्ये त्यांना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली.

ॲग्नेस यांचे १८३२ मध्ये निधन झाले. १८३६ मध्ये डंकन यांनी केल्सोचे दिवंगत पाळक रॉबर्ट लंडी यांच्या पत्नी मेरी यांच्याशी विवाह केला. मेरी यांची कन्या, बालगीतांसाठी प्रसिद्ध असलेली कवयित्री मेरी लंडी डंकन, हिचा विवाह डंकन यांचे पुत्र विल्यम यांच्याशी झाला होता.

असेंब्लीचे अध्यक्षपद व महाफूट

मंडळीवर तिला नको असलेला पाळक लादला जाऊ नये यासाठी जनरल असेंब्लीने १८३४ मध्ये एक नियम केला होता. पेट्रनने सुचविलेल्या पाळकास कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नकार दिला तर त्याची नेमणूक होऊ नये, असा तो नियम होता. त्याची पहिली कसोटी पर्थशायरमधील ऑक्टरार्डर या ग्रामीण मंडळीत लागली. तेथे पेट्रनने पाठविलेल्या उमेदवाराच्या बाजूने मंडळीतील केवळ दोघांनी सही केली, तर ३३० पैकी २८७ कुटुंबप्रमुखांनी नकार नोंदविला. उमेदवार न्यायालयात गेला. पेट्रनचा हक्क ही मालमत्ता आहे व मंडळीचा नकार तिच्या आड येऊ शकत नाही, असा निकाल लागला, आणि मे १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो कायम केला. त्याच महिन्यात भरलेल्या असेंब्लीचे मॉडरेटर डंकन होते.

डंकन स्वभावाने भांडखोर नव्हते. उमेदीची वर्षे त्यांनी चर्चमधील पक्षभेदांपासून काहीशी अलिप्तपणेच काढली होती. पेट्रनच्या हक्काचे लाभार्थी तर ते स्वतःच होते, आणि रुथवेलचा पेट्रन व त्यांचे संबंध सलोख्याचे होते. तथापि दिवाणी न्यायालयाने मंडळीच्या आत्मिक कारभारात हुकूम द्यावा, हे त्यांना मान्य होण्याजोगे नव्हते. पुढील चार वर्षे वाटाघाटी, अर्ज आणि नवनवे खटले यांत गेली. सरकारने तडजोड केली नाही.

१८ मे १८४३ रोजी एडिनबर्गच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये असेंब्ली भरताच मावळते मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागून पाळक व वडील रांगेने टॅनफील्ड सभागृहाकडे चालत गेले. तेथे टॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली ‘फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड’ची स्थापना झाली. सुमारे ४७० पाळकांनी आपली पदे, घरे आणि वर्षासने सोडून दिल्याच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. डंकन त्यांत होते. त्यांचे दोन्ही पुत्र आणि जावई हेही पाळक होते व तेही बाहेर पडले. एकाच कुटुंबातील चार घरांचे उत्पन्न अशा रीतीने एकदम थांबले. या घटनेस इतिहासात ‘डिसरप्शन’ म्हणजे महाफूट असे म्हणतात. तिचे पडसाद भारतातही उमटले. मुंबईतील जॉन विल्सन आणि कलकत्त्यातील अलेक्झांडर डफ यांच्यासह चर्च ऑफ स्कॉटलंडचे सर्व मिशनरी फ्री चर्चमध्ये गेले.

अखेरची वर्षे

रुथवेलचे घर सोडणे डंकन यांना सोपे गेले नसेल. चव्वेचाळीस वर्षांत त्या घराभोवतीची बाग त्यांनी स्वतः फुलविली होती. झाडे लावली होती, तळे केले होते आणि मध्यभागी क्रूस उभा केला होता. ते सर्व मागे ठेवून ते पत्नीसह रस्त्याकडेच्या एका साध्या झोपडीवजा घरात राहावयास गेले. मंडळी दुभंगली. एक भाग त्यांच्यासोबत आला, दुसरा जुन्या चर्चमध्ये राहिला. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी रविवारी दोन दिशांना जाऊ लागले. जमीनदाराकडून जागा मिळेना, म्हणून फ्री चर्चच्या या मंडळीला सुरुवातीस उघड्यावर उपासना करावी लागली. पुढे माउंट केदार येथे जागा मिळाली आणि तेथे चर्च बांधण्यात आले. स्तोत्रसंहितेत परक्यांमध्ये राहावे लागल्याचा शोक करणारा भक्त केदारच्या तंबूंचा उल्लेख करतो. त्याच केदारचे हे नाव आहे.

नव्या मंडळीच्या इमारतींसाठी निधी जमविण्याकरिता डंकन यांनी म्हातारपणी इंग्लंडचा प्रवास केला व लिव्हरपूललाही ते गेले. फेब्रुवारी १८४६ मध्ये जुन्या पॅरिशमध्ये परतले असता, एका वडिलाच्या घरी प्रार्थनासभा चालवीत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हा वडील फ्री चर्चचा नव्हता. तो जुन्याच चर्चमध्ये राहिला होता. त्यानंतर काही दिवसांतच डंकन यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी लिहिलेले चरित्र १८४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्मारके

पेट्रनचा नेमणुकीचा हक्क १८७४ च्या कायद्याने रद्द झाला. दुभंगलेल्या मंडळींपैकी बहुतेक १९२९ च्या एकीकरणानंतर पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये आल्या. रुथवेल क्रूस १८८७ मध्ये बागेतून चर्चमध्ये हलविण्यात आला. त्याची उंची छतापर्यंत पोहोचत असल्याने त्यासाठी चर्चला एक खास दालन जोडावे लागले, आणि क्रूसाचा पाया जमिनीखाली खड्ड्यात बसविला आहे. माउंट केदार येथे डंकन यांच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ उभा आहे. ज्या खोलीत १८१० मध्ये बँक सुरू झाली ती आता बचत बँकेचे संग्रहालय असून तीन कुलुपांची पेटी तेथे जतन करून ठेवली आहे.